इन्स्ट्रक्शनल डिझाइनमध्ये मास्टर्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईच्या इ-लर्निंग कंपन्यांत काही वर्षं स्टोरीबोर्ड (कोर्सच्या एकेका पडद्याचा लेखी आराखडा) लिहून कंटाळलेले आयडी, म्हणजे इन्स्ट्रक्शनल डिझायनर, शाळा-कॉलेजातून या क्षेत्राकडे वळू पाहणारे शिक्षक आणि अमेरिकेत एच-४ व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असलेल्या मैत्रिणी, या तिघांकडून आलटून पालटून तेच प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे. मी नोकरी करता करता ही पदवी घेतली आणि पुढे नव्या आयडींच्या मुलाखतीही घेतल्या. खाली जी मतं दिसतील ती त्यातून आलेली आहेत. पटली नाहीत तर सोडून द्या.

मी आधीच आयडी म्हणून काम करते. मग पदवी कशाला?

काहींना खरंच गरज नसते. पण आपल्या कामाचा आवाका आधी पाहा. कोणाला काय करता यायला हवं हे ठरवणं, ते आज का जमत नाही हे शोधणं, शिकण्याचा अनुभव आखणं आणि शेवटी ते प्रत्यक्ष कामात उतरलं का हे तपासणं, एवढं सगळं इन्स्ट्रक्शनल डिझाइनमध्ये येतं. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांत आयडीच्या वाट्याला यातला फक्त मधला तुकडा येतो. क्लायंटकडून पीपीटी येते, एसएमईशी (विषयतज्ज्ञाशी) एक-दोन कॉल होतात, स्टोरीबोर्ड लिहायचा, रिव्ह्यूच्या फेऱ्या झेलायच्या, स्कॉर्म पॅकेज (कोर्सची तयार फाइल) एलएमएसवर (कोर्स चालवणाऱ्या प्रणालीवर) चढलं की पुढचा प्रोजेक्ट. कोर्स हवाच होता का, आणि त्याने काही फरक पडला का, ही दोन टोकं दुसऱ्याच कोणाच्या हातात असतात. बहुतेक वेळा ती कोणाच्याच हातात नसतात.

चांगलं मास्टर्स तुम्हाला त्या दोन टोकांवर काम करायला शिकवतं. मधला तुकडा तुम्हाला येतोच.

म्हणजे नेमकं काय शिकवतात? उदाहरण द्या ना.

समजा, चाकणच्या एका गोदामातून चुकीचा माल ट्रकमध्ये चढतोय. व्यवस्थापक म्हणतो, "पिकर (रॅकवरून माल काढणाऱ्या) लोकांसाठी अर्ध्या तासाचं मॉड्यूल करा, स्कॅनिंगचं महत्त्व कळलं पाहिजे त्यांना." सवयीने आपण लगेच आउटलाइन करायला घेतो. एखादं कार्टून पात्र, मध्ये तीन प्रश्न, शेवटी प्रमाणपत्र.

गरजांचं विश्लेषण शिकलेला माणूस आधी गोदामात जाऊन उभा राहतो. तिथे त्याला दिसतं की दोन पार्टचे क्रमांक फक्त शेवटच्या अंकाने वेगळे आहेत, खोकी एकाच रंगाची आहेत आणि शेजारशेजारच्या रॅकवर ठेवली आहेत. ट्रक सुटायच्या घाईत दोघांत मिळून एकच स्कॅनर चालू असतो. पिकरना स्कॅनिंग येतं. त्याचं महत्त्वही त्यांना चांगलं ठाऊक आहे, कारण चुकांचं खापर त्यांच्याच डोक्यावर फुटतं. रॅक बदलणं आणि स्कॅनर वाढवणं हा इथला इलाज आहे. मॉड्यूल करून पैसे जातील आणि माल चुकतच राहील.

या पद्धतीने बघण्याची चौकट अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस गिल्बर्ट यांनी १९७८ मध्ये मांडली. माणसाच्या कामगिरीमागचे घटक त्यांनी सहा कप्प्यांत टाकले. तीन परिस्थितीचे: माहिती, साधनं, मोबदला. तीन माणसाचे: ज्ञान, क्षमता, इच्छा. प्रशिक्षणाने भरता येतो तो यातला ज्ञानाचा कप्पा. पहिल्या सत्रात हा तक्ता समोर येतो तेव्हा बऱ्याच जणांना आपले जुने प्रोजेक्ट आठवून कसंनुसं होतं. "या कामाला कोर्स नको" असं क्लायंटला पुराव्यानिशी सांगता येणं ही या पदवीची माझ्या मते सर्वात मोठी कमाई. कंपनीच्या सेल्स टीमला ती फारशी आवडत नाही, हेही सांगून ठेवते.

बाकी अभ्यासक्रमात शिकण्याची मानसशास्त्रीय बैठक, आराखड्याच्या पद्धती, मूल्यमापन, थोडी संशोधनपद्धती आणि शेवटी थिसिस किंवा कॅपस्टोन (समारोपाचा) प्रोजेक्ट असतो. 'अॅडी' (विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन या पाच पायऱ्यांची पद्धत) हे नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्याचा उगम १९७५ सालच्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातला. अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणासाठी ती पद्धत बसवली गेली. योगायोग असा की त्याच वर्षी आपल्याकडे 'साइट' प्रयोग सुरू झाला आणि उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत शैक्षणिक दूरदर्शन पोचलं. शिक्षणाचा आराखडा तंत्रज्ञानाला जोडून करणं भारताला नवीन नाही, एवढंच यातून घ्या.

स्टोरीलाइन, कॅप्टिव्हेट वगैरे कोर्स बनवायची टूल्स शिकवतात का?

नावापुरती. त्यासाठी दोन-तीन वर्षं आणि लाखो रुपये घालवू नका. यूट्यूब आणि एक ट्रायल आवृत्ती पुरते.

इतक्या थिअरीचा रोजच्या कामात काय उपयोग?

दोन ठिकाणी तो रोज होतो.

पहिलं ठिकाण म्हणजे उद्दिष्टं लिहिणं. "हे मॉड्यूल पूर्ण केल्यावर तुम्हाला केवायसीचं महत्त्व समजेल" हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी लिहिलेलं आहे. समजलं की नाही हे तपासणार कसं? मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्येच सांगून ठेवलंय की उद्दिष्टात तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: माणूस काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत, आणि कितपत बिनचूक. आता तेच उद्दिष्ट असं होतं: "आधार आणि वीजबिलावरचा पत्ता जुळत नसेल, तर शाखेतला अधिकारी बँकेचं नियमपत्रक समोर ठेवून खातं उघडायचं, थांबवायचं की वरिष्ठांकडे पाठवायचं हे प्रत्येक वेळी बरोबर ठरवेल." हे लिहिलं की अर्धा कोर्स आपोआप सुचतो. जुळणारे आणि न जुळणारे कागद समोर ठेवायचे आणि निर्णय घ्यायला लावायचा. केवायसीचा इतिहास सांगणाऱ्या दहा स्लाइड गळून पडतात.

दुसरं ठिकाण म्हणजे क्लायंटशी होणारे वाद. "पडद्यावर जे लिहिलंय तेच व्हॉइसओव्हरमध्ये वाचा" ही मागणी तुम्हाला तोंडपाठ असेल. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचे प्रयोग सांगतात की चित्र, निवेदन आणि तेच निवेदन अक्षरशः पडद्यावर असं तिन्ही एकदम आलं की शिकणं मंदावतं, कारण डोळ्यांवर दुहेरी भार येतो. हे अनुभवी आयडीला अंदाजाने माहीत असतं. पदवी घेतलेल्याला त्याची मर्यादाही माहीत असायला हवी. शिकणाऱ्याची मातृभाषा वेगळी असेल, किंवा शब्द अवघड आणि तांत्रिक असतील, तर पडद्यावरचा मजकूर मदत करतो. आपल्याकडे इंग्रजी कोर्स करणाऱ्या बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नसते. म्हणजे परदेशी पुस्तकातलं तत्त्व जसंच्या तसं ठाण्याच्या कॉल सेंटरवर लादता येत नाही. नियम कुठे लागू होतो आणि कुठे होत नाही, हे सांगता आलं की क्लायंटच्या मीटिंगमध्ये तुमचं ऐकलं जातं.

मी शिक्षिका आहे, बी.एड. झालंय. परत मास्टर्स करावं लागेल का?

लगेच नाही. वर्गात मूल कुठे अडतं हे तुम्हाला कळतं, आणि ते कोणतीही पदवी देत नाही. तुमच्याकडे दोन गोष्टी कमी असतात. प्रौढांना कामाच्या जागी शिकवण्याचा अनुभव नसतो, आणि स्वतः समोर नसताना शिकवणं, म्हणजे सगळं आधीच लिहून-आखून ठेवणं, याची सवय नसते. आधी एखादा छोटा ऑनलाइन कोर्स करा, दोन नमुने तयार करा, एखाद्या एडटेक किंवा इ-लर्निंग कंपनीत कंत्राटावर काम मिळतंय का पाहा. काम आवडलं तर वर्ष-दोन वर्षांनी मास्टर्सचा विचार करा. अनुभव नसताना थेट मास्टर्स केलेल्यांच्या उत्तरपत्रिका चांगल्या असतात, पण एसएमईने "हे सगळं महत्त्वाचं आहे, काहीच काढू नका" म्हटलं की त्यांची पंचाईत होते.

भारतात कुठे करता येतं?

'इन्स्ट्रक्शनल डिझाइन' हे नाव पाहून शोधलंत तर हाती फार थोडं लागेल. 'शैक्षणिक तंत्रज्ञान' आणि 'दूरशिक्षण' या नावांनी शोधा. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाचा शैक्षणिक तंत्रज्ञान विभाग जुहूच्या आवारात आहे, आणि मुंबईच्या इ-लर्निंग कंपन्यांत तिथून आलेली मंडळी हमखास भेटतात. इग्नूचा दूरशिक्षणातला एम.ए. स्वस्त आहे आणि घरी बसून होतो. स्वयं-अध्ययन साहित्य कसं लिहायचं हे त्यात चांगलं समजतं, कॉर्पोरेट बाजू मात्र कमी आहे. आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएच.डी. करता येते, ती संशोधनात रस असणाऱ्यांची वाट.

खासगी विद्यापीठांच्या आणि संस्थांच्या ऑनलाइन जाहिराती येतील. पैसे भरण्यापूर्वी तो अभ्यासक्रम यूजीसीच्या दूरशिक्षण मंडळाच्या यादीत आहे का ते स्वतः पाहा. समुपदेशकाच्या फोनवर विसंबू नका. त्याला टार्गेट असतं.

आणि परदेशात?

अमेरिकेत या विषयाचे विभाग जुने आणि मोठे आहेत. इंडियाना विद्यापीठाचं इन्स्ट्रक्शनल सिस्टिम्स टेक्नॉलॉजी, पर्ड्यूचं लर्निंग डिझाइन अँड टेक्नॉलॉजी, फ्लोरिडा स्टेट. कामाच्या ठिकाणची कामगिरी हा तुमचा ओढा असेल तर बॉइसी स्टेटचा ऑर्गनायझेशनल परफॉर्मन्स अँड वर्कप्लेस लर्निंग हा अभ्यासक्रम बघा. चाकणच्या गोदामासारखे प्रश्न तिथे मध्यभागी असतात. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचं मास्टर ऑफ एज्युकेशनल टेक्नॉलॉजी आहे, स्कॉटलंडमध्ये एडिनबरा विद्यापीठाचं डिजिटल एज्युकेशनमधलं एमएससी. यातले बरेच अभ्यासक्रम ऑनलाइन आहेत. अमेरिकेत साधारण ३० ते ३६ क्रेडिट लागतात. नोकरी करत एकेक-दोन-दोन विषय घेतले तर दोन ते तीन वर्षं.

एक खाचखळगा आपल्या लोकांसाठी. तीन वर्षांचं बी.ए. किंवा बी.कॉम. काही विद्यापीठं चालवून घेतात, काही शाळेपासून मोजून सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. अर्जाची फी भरण्याआधी ईमेल करून लेखी उत्तर घ्या. आणि पुढे भारतात सरकारी नोकरी किंवा विद्यापीठात अध्यापन हा हेतू असेल, तर परदेशी ऑनलाइन पदवीला समकक्षता मिळते का हे प्रवेशापूर्वी तपासा. खासगी कंपन्या हे सहसा विचारत नाहीत.

मी नवऱ्याबरोबर एच-४ वर अमेरिकेत आहे. मला शिकता येईल का?

येईल. एच-४ वर शिकायला वेगळी परवानगी लागत नाही, पूर्णवेळसुद्धा चालतं. अडचण काम करण्याची आहे. २०१५ च्या नियमानुसार, जोडीदाराचा आय-१४० अर्ज (ग्रीन कार्डच्या वाटेवरचा) मंजूर झाला असेल तर साधारणपणे तुम्हाला वर्क परमिटसाठी अर्ज करता येतो. तो नसेल तर पगारी असिस्टंटशिपही घेता येत नाही, आणि पदवीनंतरची ओपीटीही (शिक्षणाला जोडून तात्पुरतं काम करण्याची मुभा) नाही, कारण ती एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांसाठी आहे.

म्हणून अनेक जणी एफ-१ वर जाण्याचा विचार करतात. त्यात दोन गोष्टी आधी बघा. पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमावर एफ-१ मिळत नाही, वर्गात बसावं लागतं. आणि ओपीटी एरवी १२ महिन्यांची. ती आणखी २४ महिन्यांनी वाढवायची तर अभ्यासक्रमाचा वर्गीकरण क्रमांक स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असावा लागतो. शैक्षणिक तंत्रज्ञानाचा १३.०५०१ हा क्रमांक त्या यादीत आहे. पण जवळजवळ त्याच नावाचा दुसऱ्या विद्यापीठातला अभ्यासक्रम भलत्याच क्रमांकाखाली नोंदलेला असू शकतो. प्रवेश कार्यालयाला नाव न विचारता क्रमांक विचारा. व्हिसाचे नियम बदलत राहतात, तेव्हा शेवटचा शब्द वकिलाचा.

खर्च झेपेल का?

इग्नू आणि परदेशी विद्यापीठ यांच्या फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, त्यामुळे एक आकडा सांगण्यात अर्थ नाही. अमेरिकेत नोकरी असेल तर कंपनीला विचारा. मालकाने दिलेली शैक्षणिक मदत वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त असते, आणि आपल्यातले बरेच जण ती मागतच नाहीत. भारतात शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, पण जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. कर्ज काढून फक्त नावासाठी महागडं विद्यापीठ गाठू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. या क्षेत्रात पोर्टफोलिओ, म्हणजे तुमच्या कामाचे नमुने, बघतात.

पगार वाढतो का?

त्याच कंपनीत, त्याच खुर्चीवर, पदवीचा कागद दाखवून? सहसा नाही. एचआर अभिनंदनाची मेल पाठवतं आणि विषय संपतो.

वाढ होते ती कामाचा प्रकार बदलल्यावर. सीनियर आयडी किंवा लीडवरून लर्निंग कन्सल्टंट, लर्निंग आर्किटेक्ट अशा भूमिकांकडे जाताना, किंवा व्हेंडर (दुसऱ्यांसाठी कोर्स बनवून देणारी) कंपनी सोडून बँक, औषध कंपनी, पुण्या-बंगळूरमधलं एखाद्या परदेशी कंपनीचं केंद्र यांच्या प्रशिक्षण विभागात शिरताना. तिथे बोलणी थेट व्यवसायाच्या माणसांशी असतात आणि कोर्सने काय बदललं याचा हिशेब द्यावा लागतो. अमेरिकी प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मूल्यमापनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: आवडलं का, शिकले का, कामात वापरलं का, संस्थेला फायदा झाला का. बहुतेक कंपन्या पहिल्या पायरीवरच, म्हणजे "प्रशिक्षण कसं वाटलं?" या फॉर्मवर, थांबतात. तिसऱ्या पायरीचा एक जरी अभ्यास तुमच्या नावावर असेल तर मुलाखतीचा नूर बदलतो.

अमेरिकेत पदवीचं वजन जागेनुसार ठरतं. तिथल्या कामगार खात्याच्या माहितीनुसार शाळा-विद्यापीठांतल्या इन्स्ट्रक्शनल कोऑर्डिनेटरसाठी मास्टर्स ही नेहमीची प्रवेश-पात्रता आहे, तर कंपन्यांतल्या प्रशिक्षण तज्ज्ञांसाठी बॅचलर्स. विद्यापीठात नोकरी हवी असेल तर पदवीशिवाय अवघड.

नोकरी आणि घर सांभाळून जमेल का?

एका सत्रात एक विषय घेतला तर जमतं. दोन घेतले की शनिवार-रविवार गेलाच, आणि गौरी-गणपतीत नेमका ग्रुप प्रोजेक्ट येतो. अमेरिकी विद्यापीठाच्या लाइव्ह मीटिंग आपल्या पहाटे पाच-साडेपाचला असतात. गटात आधीच सांगितलं तर लोक वेळ बदलून घेतात. शक्य तिथे असाइनमेंटसाठी आपल्याच ऑफिसमधला प्रश्न निवडा. एकाच कामात अभ्यास होतो, आणि साहेबांनाही दाखवता येतं.

पोर्टफोलिओत काय ठेवू? माझं सगळं काम एनडीएखाली (गोपनीयतेच्या कराराखाली) आहे.

क्लायंटचे स्क्रीनशॉट धूसर करून त्यात टाकू नका, ते चालत नाही आणि वाईटही दिसतं. मास्टर्सचा एक न दिसणारा फायदा इथे आहे: असाइनमेंटचं काम तुमचं स्वतःचं असतं, अट एवढीच की त्यात ऑफिसची गोपनीय माहिती घालू नका. गृहनिर्माण सोसायटीच्या नव्या सचिवासाठी जॉब एड (काम करताना समोर ठेवायचा मदतीचा कागद) करा, वाचनालयाच्या सॉफ्टवेअरवर छोटा कोर्स करा. तयार कोर्सच्या लिंकबरोबर विश्लेषणाचं एक पान जोडा: कोणाशी बोललात, काय आढळलं, काय मुद्दाम गाळलं. मुलाखत घेताना मी ते पान आधी वाचते. अॅनिमेशन कोणालाही करून घेता येतं.

मराठीतून या क्षेत्रात काम आहे का?

आहे, पण जाहिरातीत 'इन्स्ट्रक्शनल डिझायनर' असं लिहिलेलं नसेल. १९८९ मध्ये स्थापन झालेलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ मराठीतून स्वयं-अध्ययनाची पुस्तकं काढतं. शिक्षक समोर नसताना वाचकाला पुढे नेणारा मजकूर लिहिणं हे शंभर टक्के आपलंच काम आहे. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड २०१७ मध्ये आलेल्या दीक्षा या सरकारी डिजिटल मंचावरच्या साहित्याकडे नेतात, ते साहित्यही कोणीतरी आखतं. स्वयंसेवी संस्था, कृषी आणि आरोग्य प्रशिक्षण, बँका आणि विमा कंपन्यांचे ग्रामीण शाखांसाठीचे कोर्स आहेतच.

पैसा इंग्रजी कामापेक्षा कमी. आणि बरंचसं काम 'लोकलायझेशन' (तयार इंग्रजी कोर्स मराठीत आणणं) म्हणून शेवटच्या आठवड्यात येतं, जेव्हा इंग्रजी साच्याच्या चौकटीत मराठी मजकूर मावत नाही आणि ओळींमधली जागा कमी पडून रफार-वेलांट्या वरून कापल्या जातात. मुळातून मराठीत आखलेला कोर्स अजून दुर्मीळ आहे. ज्यांना मास्टर्सच्या कॅपस्टोनसाठी विषय सापडत नाही त्यांनी इकडे बघावं.

एआय आल्यावर ही पदवी फुकट जाईल का?

पीपीटीवरून स्टोरीबोर्ड, मजकुरावरून प्रश्नमंजूषा, व्हॉइसओव्हर, भाषांतर, ही कामं एआय आजच करतो आणि बरी करतो. फक्त तेवढंच येणाऱ्या आयडीला काळजी करायला जागा आहे. गोदामात जाऊन उभं राहणं, व्यवस्थापकाला न दुखावता त्याचं निदान चुकलंय हे सांगणं, एआयने दिलेल्या दहा प्रश्नांतले सात नुसतं पाठांतर तपासतायत हे ओळखणं, ही कामं माणसाकडे आहेत. अभ्यासक्रम निवडताना विश्लेषण आणि मूल्यमापनाला किती क्रेडिट आहेत ते मोजा. 'मल्टिमीडिया निर्मिती'चे विषय जास्त असतील तर पुढचा बघा.

पुढे पीएच.डी. करावी का?

विद्यापीठात शिकवायचं किंवा संशोधन करायचं असेल तर. कॉर्पोरेटमध्ये बढतीसाठी नको.

अर्जाच्या निवेदनात काय लिहू?

"मला लहानपणापासून शिकवण्याची आवड आहे" हे वाक्य काढून टाका, प्रत्येक अर्जात असतं. आपल्या कामातला एक न सुटलेला प्रश्न लिहा. उदाहरणार्थ, दरवर्षी तोच सुरक्षा कोर्स सगळे ९० टक्के गुणांनी पास होतात आणि शॉपफ्लोअरवर हातमोजे तरी कोणी घालत नाही. तुम्ही काय करून पाहिलंत, कुठे अडलात, आणि त्या विभागातला कोणता विषय किंवा कोणत्या प्राध्यापकाचं काम तिथून पुढे न्यायला मदत करेल, एवढं दोन पानांत बसवा. शिफारसपत्रं तुमचा स्टोरीबोर्ड लाल करून परत पाठवणाऱ्या लीडकडून घ्या. मोठ्या हुद्द्याच्या पण तुम्हाला नावाने न ओळखणाऱ्या साहेबांच्या पत्राचा उपयोग होत नाही. आणि ही पत्रं मुदतीच्या महिनाभर आधी मागा, क्वार्टर संपताना कोणी लिहून देत नाही.